मल्टीची मोठी दुरुस्ती: इंदूरच्या नव्या रहिवासी समितीसाठी

पंधरा-वीस वर्षं जुन्या मल्टीची, म्हणजे बहुमजली फ्लॅटच्या इमारतीची, समिती पहिल्यांदा हाती आली की बहुतेक वेळा तीन तक्रारी एकदम पुढ्यात येतात. वरच्या मजल्यावर गळती, पार्किंगच्या छताचे पडणारे पोपडे आणि नळाला पाणी कमी. चौथी मागणी लगेच मागून येते: इमारतीला रंग द्या. रंग डोळ्यांना दिसतो, म्हणून सभेत तोच आधी मंजूर होतो आणि दोन पावसाळ्यांत भिंतीवरून उतरतो. रंग सगळ्यात शेवटी. आधी पाणी कुठून आत शिरतं, कुठे साचतं आणि कुठून बाहेर जातं हे शोधा. त्याआधी केलेला खर्च जवळपास नेहमीच दुसऱ्यांदा करावा लागतो.

हिशेबाच्या सोयीसाठी इथे एकच इमारत धरली आहे: खाली पार्किंग, वर चार मजले, २४ फ्लॅट, सुमारे ४५० चौरस मीटर गच्ची. तुमचे आकडे वेगळे असतील, रीत तीच.

कामाचं वर्ष पावसाळ्यात सुरू होतं

माळव्यात पाऊस जूनच्या मध्याला येतो आणि सप्टेंबरअखेर ओसरतो. बहुतेक समित्या एप्रिलमध्ये जाग्या होतात, मे महिन्यात ठेकेदार शोधतात आणि गच्ची अर्धी उघडी असताना पहिला पाऊस गाठतो. क्रम उलटा ठेवा. जुलै ते सप्टेंबर तपासणीचे महिने, कारण ओल तेव्हाच बोलते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कामांची यादी, अंदाजपत्रक, दरपत्रकं आणि सभेचा ठराव. डिसेंबर ते मार्च सरिया (काँक्रीटमधल्या लोखंडी सळया), प्लास्टर आणि ड्रेनेज. गच्ची फार तर एप्रिलपर्यंत आटोपा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, सिमेंटचं काम सकाळी केलं तर दुपारपर्यंत कोरडं पडतं आणि त्याला बारीक केसासारख्या भेगा जातात.

कागद आधी, ठेकेदार नंतर

पहिला कागद ताब्याच्या तारखेचा. ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेरा या घरखरेदी-बांधकामाच्या कायद्याप्रमाणे बांधकामातल्या रचनेचे आणि कारागिरीचे दोष बिल्डरने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात, कळवल्यापासून ३० दिवसांत. तक्रार लेखी द्या, फोटो आणि तारखेसह द्या, पोच घ्या. तोंडी बोलणी वर्षभर चालतात आणि पाच वर्षांची मुदत तेवढ्यात संपते.

दुसरा कागद मंजूर नकाशाचा आणि जमल्यास आरसीसी नकाशाचा. आरसीसी नकाशा मिळाला तर इंजिनियरचं अर्धं काम वाचतं, बीममध्ये किती सरिया आहे हे फोडून पाहावं लागत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे पाणी आणि ड्रेनेजच्या ओळींचा हातानं काढलेला आराखडा. तो कुठेच नसतो, स्वतः काढावा लागतो. जुना प्लंबर आणि चौकीदार यांना घेऊन एक सकाळ इमारतीभोवती फिरा, प्रत्येक वॉल्व्ह, चेंबर आणि पाइप कागदावर मांडा, त्यांना नंबर द्या आणि तेच नंबर ऑइलपेंटनं जागेवर लिहा.

याच फेरीत एक प्रश्न जुन्या रहिवाशांना जरूर विचारा: या प्लॉटवर पूर्वी विहीर किंवा बावडी (पायऱ्यांची विहीर) होती का? इंदूरच्या जुन्या वस्तीत हा प्रश्न वरवरचा नाही. ३० मार्च २०२३ ला, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरच्या बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवर टाकलेला स्लॅब कोसळला आणि ३६ माणसं गेली. पार्किंगमध्ये किंवा अंगणात फरशी एका जागी सतत खचत असेल, ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, तर त्या जागेवर गाडी किंवा टँकर उभा करणं आजच थांबवा आणि इंजिनियरला बोलवा.

ओल वाचायची कशी

गळती फक्त पावसात दिसते की वर्षभर, हा पहिला भेद. फक्त पावसात दिसली तर गच्ची, बाहेरची भिंत, खिडकीचा छज्जा किंवा पावसाच्या पाण्याचा पाइप. वर्षभर असेल आणि डाग वरच्या फ्लॅटच्या बाथरूमखाली असेल तर नळाची ओळ किंवा नहाणीचा ट्रॅप (पाणी जाण्याची जाळी आणि तिच्याखालचा वाकडा पाइप). तिथे वरच्या घराची मुख्य चावी रात्रभर बंद ठेवून पाहा. डाग सुकायला लागला तर दाबाच्या पाइपात गळती आहे. फरक पडला नाही तर नहाणीत रंगीत पाणी सोडा आणि खाली रंग उतरतो का ते बघा.

गच्चीची परीक्षा तळं करून घेतात. पाण्याची तोंडं बंद करायची, विटा-मातीचे बांध घालून गच्चीचे भाग पाडायचे आणि एकेका भागात ५० मिमी पाणी ४८ ते ७२ तास उभं ठेवायचं. भाग पाडल्याशिवाय भरलं तर गळतं हे कळतं, कुठे ते कळत नाही. ५० मिमी पाणी म्हणजे चौरस मीटरला ५० किलो, त्याहून जास्त भरू नका. छताचे पोपडे पडत असतील तर इंजिनियरनं पाहिल्याशिवाय ही परीक्षा नकोच.

प्लास्टर आणि छत लाकडी दांड्यानं किंवा हलक्या हातोडीनं ठोकत जा. बद्द आवाज आला की खडूनं गोल करा, फोटो काढा, चौरस फूट मोजा. हीच मापं पुढे अंदाजपत्रकात जातात.

भेगांचं वाचन मात्र घाईनं करू नये. इंदूर काळ्या मातीवर वसलं आहे. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून फाटते, आणि पाया उथळ असेल तर कुंपणाची भिंत, पायऱ्या, तळमजल्याची फरशी तिच्याबरोबर वरखाली होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग ही तिची खूण. अशा भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पीओपीनं चिकटवा आणि तारीख लिहा. मे ते ऑक्टोबर पट्टी शाबूत राहिली तर भेग जुनी आणि स्थिर आहे, भरून टाका. पट्टी तुटली तर भरण्याचा उपयोग नाही, पायाशी जाणारं पाणी आधी तोडावं लागेल. त्यासाठी इमारतीभोवती निदान एक मीटर रुंद, बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरसबंदी करा, आणि भिंतीला लागून असलेल्या फुलझाडांच्या वाफ्यात रोज पाइप सोडणं बंद करा. पुष्कळ मल्टींत ही एवढीच दुरुस्ती लागते.

इंजिनियर कशासाठी

बीम, कॉलम किंवा स्लॅबचा सरिया कुठेही उघडा दिसत असेल तर ठेकेदाराआधी स्ट्रक्चरल इंजिनियर. ठेकेदाराची तपासणी फुकट असते, पण तिचा निष्कर्ष त्याच्या गोदामात जो माल असतो त्याच्याच बाजूचा निघतो. शहरात एसजीएसआयटीएससारखी जुनी अभियांत्रिकी संस्था आहे, तिच्या सिव्हिल विभागाकडेही चौकशी करता येते. इंजिनियरकडून तीन गोष्टी लेखी घ्या: कुठे काय बिघडलं आहे याचा नकाशा, दुरुस्तीची पद्धत, आणि मापांसह कामांची यादी. त्याची फी कामाच्या रकमेच्या टक्क्यात ठरवू नका, नाहीतर काम वाढेल तशी फी वाढते. ठरावीक रक्कम आणि ठरावीक भेटी ठेवा.

एक सोपी परीक्षा तुम्हाला डोळ्यांनी बघता येते. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला की निरोगी काँक्रीट गुलाबी होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं ज्याचा क्षार मेला आहे ते बेरंग राहतं. हा बेरंग थर सरियापर्यंत पोचला असेल तर सरियाचं कवच संपलं, आणि आज न गंजलेला सरियाही ओल मिळताच गंजणार.

यादी, दर आणि करार

तीन ठेकेदारांकडून दर मागवा, पण तिघांना एकच यादी द्या: कामाचं वर्णन, जाडी, मिश्रण, एकक, अंदाजे माप. 'गच्ची वॉटरप्रूफिंग, संपूर्ण, अमुक लाख' असं दरपत्रक परत करा. त्यात काय येतं हे काम संपल्यावर वादात ठरतं. दुरुस्तीच्या कामात फोडल्यावरच खरं माप कळतं, म्हणून एकगठ्ठा रकमेपेक्षा मापावर पैसे देण्याचा करार बरा. एकूण रकमेवर १० ते १५ टक्के राखीव धरूनच सभेचा ठराव घ्या, म्हणजे मधेच पुन्हा वर्गणी मागायची वेळ येत नाही. सगळ्यात स्वस्त दर बाकी दोघांच्या खूपच खाली असेल तर खूश होण्याआधी त्याला प्रत्येक ओळीचा हिशेब विचारा. बहुधा एखादी जाडी किंवा लेपाचा एखादा हात त्यानं गाळलेला असतो.

दर जीएसटीसह की वेगळा हे लिहून घ्या. १८ टक्क्यांचा फरक तोंडी बोलण्यात सहज हरवतो. नोंदणीकृत संस्थेनं एका बिलात ३०,००० किंवा वर्षात १,००,००० रुपयांच्या वर पैसे दिले तर ठेकेदाराचा टीडीएस (बिलातूनच कापून भरायचा आयकर) कापायचा असतो, एकट्या व्यक्तीचा १ टक्का आणि फर्म किंवा कंपनीचा २ टक्के. त्यासाठी टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा आयकर खात्याकडचा नंबर) काम सुरू होण्याआधी काढा.

पैशांचे टप्पे असे ठेवले की दोन्ही बाजू सुखी राहतात: माल जागेवर उतरल्यावर १० टक्के अग्रिम, मग दर पंधरवड्याला मोजलेल्या कामाचं बिल, प्रत्येक बिलातून १० टक्के राखून. राखलेल्यातले अर्धे काम पुरं झाल्यावर, उरलेले एक पूर्ण पावसाळा गेल्यावर. ही शेवटची अट गच्चीच्या कामात सोडू नका. दहा वर्षांच्या छापील गॅरंटीपेक्षा तुमच्या खात्यात अडकलेले पाच टक्के ठेकेदाराला लवकर बोलावून आणतात.

करारात कामगारांचा विमा, परांचीवर सुरक्षापट्टा, हेल्मेट आणि खाली जाळी यांची स्वतंत्र ओळ असू द्या आणि तिचे पैसेही द्या. जे फुकट मागितलं जातं ते चौथ्या मजल्यावर दिसत नाही, आणि तिथून पडणारा माणूस रोजंदारीवरचा असतो. मलबा कोण, कुठे टाकणार हेही लिहा. इंदूरमध्ये तो रस्त्याकडेला टाकला तर निगमची (महापालिकेची) गाडी दंड घेऊन दारात येते, आणि दंड ठेकेदाराच्या नाही, इमारतीच्या नावावर फाटतो.

गच्ची

सगळ्यात जास्त पैसा इथे वाया जातो, म्हणून इथे थोडं थांबू. जुना विटांचा कोबा (विटांचे तुकडे आणि सिमेंटचा जाड थर) गळतो म्हणून त्यावर नवा कोबा चढवायचा, ही सर्रास चाल आहे. ११५ मिमी जाडीच्या कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या वर जातं. ४५० चौरस मीटर गच्चीवर दुसरा थर म्हणजे ९० टनांहून जास्त ओझं, तेही अशा स्लॅबवर ज्याचा सरिया आधीच ओला आहे. शिवाय खालच्या कोब्यात अडकलेलं पाणी तसंच राहतं आणि महिनोन्‌महिने खाली पाझरतं.

कोबा ठोकून बघा. बराचसा पोकळ वाजला तर तो पूर्ण काढा, स्लॅब उघडा करा, भेगा भरा, मग नवीन थर. ठणठणीत असेल तर भेगा आणि सांधे उघडून भरा आणि वर लवचीक लेप जाळीसह दोन हात द्या, दुसरा हात पहिल्याला आडवा. लेपाच्या डब्यावर किंवा कंपनीच्या माहितीपत्रकात चौरस मीटरला किती लागतं ते लिहिलेलं असतं. दोन हातांना मिळून १ किलो लिहिलं असेल तर ४५० चौरस मीटरला ४५० किलो, म्हणजे २० किलोच्या २३ बादल्या. जागेवर १२ बादल्या आल्या तर लेपात पाणी घातलं जाणार हे त्याच दिवशी कळतं. रिकाम्या बादल्या शेवटच्या मोजणीपर्यंत हलवू देऊ नका.

उतार १०० ला १, म्हणजे दर मीटरला १० मिमी. पाणी जाण्याची तोंडं पुरेशी आहेत का ते पाहा: ४ इंची एका पाइपमागे साधारण ७५ चौरस मीटर गच्ची धरा, म्हणजे आपल्या इमारतीला सहा. बऱ्याच ठिकाणी दोन किंवा तीन असतात आणि त्यांतलं एक पानांनी तुंबलेलं. कठड्याच्या भिंतीला गोला (कोपऱ्यात मसाल्याची गोलाई) घ्या आणि लेप गोल्यावरून भिंतीवर निदान ३०० मिमी चढवा. गळती बहुतेक वेळा गच्चीच्या मधून येत नाही. ती कठड्याच्या सांध्यातून, पाइपच्या तोंडातून आणि टाकीच्या पायांखालून येते.

काम झाल्यावर पुन्हा तळं, पुन्हा ७२ तास. त्यानंतर डिश, सोलर किंवा दोरीचा खांब लावायला कुणीही गच्चीत बोल्ट ठोकायचा नाही, असा ठराव करा. खांब लागतोच तर आधी काँक्रीटचा ठोकळा, त्यावर खांब.

पोपडे आणि सरिया

गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा घेतो, म्हणून तो काँक्रीट आतून फोडतो. पोपडा काढून वर प्लास्टर थापलं की सहा महिन्यांत तोच पोपडा परत. आधी बीम आणि स्लॅबला टेकू द्या. मग काँक्रीट सरियाच्या मागेपर्यंत, निदान २० मिमी, खोदा. सरिया चहूबाजूंनी तारेच्या ब्रशनं चकाकेपर्यंत घासा आणि जाडी मोजा. पाव भागाहून जास्त खाल्ला गेला असेल तर इंजिनियर सांगेल तसा जोडसरिया. नंतर गंजरोधक लेप, सांधणारा लेप, आणि तो ओलसर चिकट असतानाच पॉलिमर मसाला १० ते १२ मिमीच्या थरांनी. इथे जी चूक नेहमी होते ती म्हणजे सांधणारा लेप सकाळी लावून मसाला दुपारी भरणं. सुकलेला लेप चिकटवत नाही, उलट नव्याजुन्यात पडदा बनतो. सरिया घासल्यावर, झाकण्याआधी, मोजपट्टी लावून फोटो काढा. झाकलेल्या कामाचा दुसरा पुरावा नसतो.

प्लास्टरचा हिशेब

बाहेरचं प्लास्टर २० मिमी, १२ आणि ८ अशा दोन थरांत, मिश्रण १:४, म्हणजे एक भाग सिमेंट, चार भाग रेती. १०० चौरस मीटरला सुमारे १८ पोती सिमेंट आणि अडीच घनमीटर रेती लागते. तुम्ही खडूनं मोजलेलं पोकळ प्लास्टर ३,००० चौरस फूट भरलं तर ५० पोती आणि जवळपास २५० घनफूट रेती. ३० पोत्यांत काम उरकलं तर मिश्रण १:४ नव्हतं. पोत्यावरचा बनवल्याचा आठवडा आणि वर्ष वाचा, तीन महिन्यांहून जुनं सिमेंट परत पाठवा. रेती नर्मदेची म्हणून विकली जाते, तरी काचेच्या बरणीत मिठाच्या पाण्यात ढवळून तीन तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर रेतीच्या उंचीच्या ८ टक्क्यांहून जास्त असेल तर ती धुतल्याशिवाय वापरू नका. जुन्या-नव्या प्लास्टरच्या सांध्यावर आणि विटा-काँक्रीटच्या जोडावर कोंबडी जाळी. नव्या प्लास्टरवर पाणी किमान सात दिवस, आणि ते मारणाऱ्या माणसाचं नाव वहीत. रंग प्लास्टर पूर्ण वाळल्यावर.

हौद, पंप, ड्रेनेज

इंदूरचं नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून पठारावर उपसून येतं आणि पुष्कळ भागांत एक दिवसाआड मिळतं. माणशी १३५ लिटर आणि घरटी पाच माणसं धरली तर २४ फ्लॅटना रोज १६,२०० लिटर लागतात, म्हणून हौद ३२,४०० लिटरच्या खाली चालत नाही. 'पाणी कमी' ही तक्रार खूपदा हौद लहान असल्याची किंवा गळका असल्याची असते. रात्री पंप बंद करून आणि आत येणारी चावी बंद करून हौदाची पातळी खुणा करून पाहा. झाकलेल्या हौदात सकाळी पातळी उतरलेली दिसली तर पाणी जमिनीत जातं आहे, तेच पुढे काळ्या मातीला फुगवतं. एका दिवसाचं पाणी दोन तासांत २५ मीटर उंचीला चढवायला दीड ते दोन एचपीचा पंप पुरतो. पाच एचपीचा लावला तर वीज जाते आणि पाइपचे सांधे सुटतात. दबाव कमी म्हणून गच्चीवर कुठेही प्लास्टिकची टाकी वाढवू नका. १,००० लिटर म्हणजे एक टन, त्याची जागा कॉलम-बीमवरच.

पाण्याची ओळ आणि ड्रेनेज एकमेकांपासून तीन मीटर दूर हवेत. जागा नसेल तर पाण्याची ओळ निदान अर्धा मीटर वरून जावी. पुरवठा नसताना रिकामा पाइप आजूबाजूची घाण आत ओढतो, आणि दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात पाइप बहुतेक वेळ रिकामाच असतो. २०२५ च्या अखेरीला इंदूरच्याच भागीरथपुऱ्यात नळाच्या दूषित पाण्यानं माणसं दगावली, ही गोष्ट लक्षात ठेवून हौदाच्या शेजारचं प्रत्येक चेंबर उघडून बघा. हौदाचं झाकण जमिनीपासून ३०० मिमी वर घ्या, ओव्हरफ्लोला जाळी लावा, हौद-टाकी वर्षातून दोनदा, त्यातली एकदा पावसाळ्याआधी, धुवून घ्या. पहिल्या पावसानंतर तळमजल्याच्या नळाचं क्लोरीन साध्या किटनं तपासा: ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या खाली असेल तर पाणी उकळायला सांगा आणि निगमला कळवा. बोअरचं पाणी या हौदात मिसळू नका, त्याची ओळ आणि टाकी वेगळी.

चेंबर तुंबलं तर माणूस आत उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्यानं ते बंद आहे, आणि चेंबरमधला वायू एका श्वासात माणूस पाडतो. निगमची किंवा खाजगी मशीन बोलवा. वारंवार तुंबणाऱ्या ओळीचा उतार मोजा: ४ इंचीला ४० ते ६० ला १, ६ इंचीला ६० ते १०० ला १. वळणावर चेंबर नसेल तर तिथेच गाठ आहे.

रोजची वही

काम चालू असेपर्यंत एक बांधीव वही, सुटे कागद नाहीत. तारीख, किती मिस्तरी, किती बेलदार (मजूर), काय माल आला, काय झाकलं गेलं, कुठे पाणी मारलं. दर शनिवारी ठेकेदाराच्या माणसासमोर टेप लावून माप घ्या आणि दोघांच्या सह्या. यादीबाहेरचं काम निघालं तर दर आधी लिहून, मग सुरुवात. 'नंतर बघू' म्हणून केलेल्या कामांवरच शेवटचं बिल अडकतं. समितीतला एकच माणूस ठेकेदाराशी बोलेल हे ठरवा, २४ घरांच्या सूचना मिस्तरीच्या कानावर पडल्या की तो सगळ्यांना हो म्हणतो.

काम संपल्यावर वही, फोटो, नकाशा, बादल्यांचे बॅच नंबर आणि राखून ठेवलेल्या रकमेची तारीख एका फाइलमध्ये. पुढच्या जूनच्या पहिल्या आठवड्यात गच्चीची सहाही तोंडं हातानं साफ करा, आणि पहिला जोराचा पाऊस पडेल त्या संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक घरात जाऊन छत बघा. राखलेले पैसे सोडायचे की नाही, ते सप्टेंबरअखेर त्या नोंदींवरून ठरवा.